अभ्यासिकेच्या एसी हॉलला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सेन्सर हवा, की नुसता एक्झॉस्ट पुरे?

पेठकर: पुण्यातल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका घ्या. ४० खुर्च्या, बंद काचा, दोन स्प्लिट एसी. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो, बाहेरची घेत नाही. म्हणून श्वासातला सीओटू साठत जातो, २४ अंशांवरही दुपारी डोकं जड होतं आणि मुलं म्हणतात, एसी लागत नाहीये. माझं ठाम मत, अशा हॉलला एनडीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने मोजणारा, सीओटू सेन्सर लावाच. १००० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत १००० भाग सीओटू) एक्झॉस्ट सुरू, ८०० ला बंद. सुरू झाला की किमान १० मिनिटं चालू, नाहीतर रिले, म्हणजे पंखा चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच, सारखा खटखटतो.

तारतंत्री: गरज नाही. बसलेला माणूस तासाला साधारण १८ लिटर सीओटू सोडतो. बाहेर ४२० असताना आत १००० राखायला तासाला माणशी ३१ घनमीटर ताजी हवा लागते, ४० जणांना सव्वा हजार. हॉल भरलेलाच असतो, मग मोजायचं काय? १२ इंची दोन एक्झॉस्ट लावा आणि समोरच्या भिंतीत हवा यायला जाळी ठेवा. जाळी हमखास विसरतात, मग पंखा संडासातली हवा ओढतो.

पेठकर: पहाटे आणि रात्री उशिरा दहाच जण असतात. मे महिन्यात सव्वा हजार घनमीटर हवा ३८ वरून २६ अंशांवर आणण्यातच जवळजवळ दीड टन एसी खर्ची पडतो. दहा जणांसाठी तेवढी हवा कशाला?

इन्स्ट्रुमेंटवाला: माझाही विरोध, पण कारण वेगळं. बरेच स्वस्त मीटर सीओटू मोजतच नाहीत, दुसऱ्या वायूंवरून अंदाज बांधतात. फिनेलने फरशी पुसली की आकडा चढतो. खरा एनडीआयआरही काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची हवा, असं धरून स्वतःला जुळवून घेतो. चोवीस तास चालणाऱ्या अभ्यासिकेत हवा कधी ६०० च्या खाली गेलीच नाही, तर तो ६०० लाच ४०० म्हणू लागतो. पंखा उशिरा लागतो आणि कुणाला कळतही नाही.

पेठकर: रास्त मुद्दा. ऑटो कॅलिब्रेशन, म्हणजे हे आपोआप जुळवणं, बंद करा आणि तीन-चार महिन्यांनी सेन्सर गच्चीवर २० मिनिटं ठेवून बाहेरच्या हवेवर जुळवा. बसवताना एसीचा झोत आणि खिडकी टाळा. उंची साडेचार फूट, जवळच्या खुर्चीपासून निदान चार फूट लांब. आणि सेन्सरच्या बोर्डावरच्या छोट्या रिलेवर पंखा थेट नको, सुरू होतानाच्या करंटने त्याचे पॉइंट चिकटतात. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे जास्त करंट पेलणारा मोठा रिले, घ्या.

तारतंत्री: गच्चीवर नेणार कोण? ते काम रोजच्या माणसाकडून होत नाही. एक पंखा हॉल उघडल्यापासून सतत चालू द्या, सेन्सरवर फक्त दुसरा ठेवा. सेन्सर चुकला तरी निम्मी हवा येतच राहील. आणि जाळी रस्त्याच्या बाजूला नको, धूळ थेट आत येते.