नववीच्या वर्गात जातककथा शिकवाव्यात का?

मूळ मत (मराठीची शिक्षिका, पवनी तालुका, जि. भंडारा)

जातककथा म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा; पाली जातकसंग्रहात त्या ५४७ आहेत. आपल्या मुलांपर्यंत मात्र ससा, माकड आणि बडबडे कासव एवढेच पोहोचते, तेही चौथीच्या आत. मी नववीला अंबजातक वाचून दाखवले. एक ब्राह्मण तरुण चांडाळ गुरूची सेवा करून अवेळी आंबे आणण्याचा मंत्र शिकतो. पण राजाने गुरूचे नाव विचारताच लाजेपोटी तक्षशिलेच्या आचार्यांचे नाव पुढे करतो आणि मंत्र कायमचा गमावतो. वर्ग गप्प झाला. मग एक मुलगी, जिची आई लोकांच्या बांध्यांत रोवणीला जाते, हळूच म्हणाली, "मॅडम, मीबी फॉर्मात आईचं काम शेतीच लिहिलं." हे बोलणे चौथीत होत नाही. म्हणून या कथा हायस्कुलात हव्यात.

प्रतिसाद (निवृत्त इतिहास शिक्षक, यवतमाळ जिल्हा)

मी सहमत नाही. प्रत्येक जातकाच्या शेवटी 'तेव्हाचा अमुक तो आताचा तमुक' असा मागच्या जन्माशी मेळ घातलेला असतो. डॉ. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये आत्म्याचा पुनर्जन्म स्पष्टपणे नाकारला आहे. ज्यांचे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षेसाठी नागपूरला गेले, त्या नातवंडांना आपण पूर्वजन्माच्या गोष्टी सांगायच्या काय? आणि 'चांडाळ' हा शब्द उच्चारताच वर्गातले डोळे कोणत्या बाकाकडे वळतात, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे.

प्रतिसाद (पालक)

शासकीय शाळेत धर्मशिक्षणाला राज्यघटनेच्या कलम २८ ची मनाई आहे ना?

मूळ लेखिका

मनाई धर्मशिक्षणाला आहे. धर्मांविषयीचा अभ्यास त्याहून वेगळा, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात मान्य केले आहे. पूर्वजन्माचा मुद्दा मी टाळत नाही. गाथा (कथेतली पद्ये) जुन्या आणि भोवतीचे गद्य नंतरच्या अट्ठकथेतले, म्हणजे भाष्यातले, हे मुलांना सांगून हा मेळ कोणी व का घातला असेल, असे त्यांनाच विचारते. ज्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात स्तूप सापडला, तिथल्या मुलांना हा प्रश्न परका वाटत नाही. बाकाकडे वळणाऱ्या डोळ्यांचे मात्र सरांचे म्हणणे खरे आहे. यापुढे मी कथा सांगण्याआधी त्या शब्दाचा इतिहास सांगेन.

निवृत्त शिक्षक

आपल्या वर्गात ते निभेल, बाई. पण अभ्यासक्रमात धडा आला की तो प्रत्येक शाळेत शिकवला जातो, आणि काही वर्गांत तो शब्द उच्चारणाराच हसतो. त्याची व्यवस्था होईपर्यंत माझा विरोध कायम आहे.