अनुभव धागा: शिक्षकांनी मिळून साहित्य बनवायला साधीसोपी ऑनलाइन जागा कोणती?

खडूपावडर
वर्कशीट, प्रश्नपेढी, पाठाची टाचणं, आकृत्या. प्रत्येक जण आपापलं बनवतो आणि शेजारच्या वर्गात तेच काम पुन्हा पहिल्यापासून होतं. हे एका ठिकाणी मिळून बनवायचं तर जागा कोणती निवडावी? फीचर्सच्या याद्या कंपन्यांच्या पानांवर भरपूर सापडतात, त्या नकोत. तुम्ही काय वापरलंत, खरोखर लिहीत कोण होतं आणि वर्ष उलटल्यावर त्याचं काय झालं, ते सांगा.

अपूर्णांक
आमची सुरुवात व्हॉट्सअॅप ग्रुपवर झाली, तशी बहुतेकांची होते. पाठवायला सोपं, शोधायला महाकठीण. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात 'ती मागची वर्कशीट कोणाकडे आहे का?' हाच मेसेज फिरत असायचा. मग गूगल ड्राइव्हवर फोल्डर केला. तिथेही वर्षभरात अडगळीची खोली झाली, कारण फोल्डरात फोल्डर आणि नावं ज्याला सुचतील ती.

गाडी रुळावर आली ती एका साध्या शीटमुळे. एक ओळ म्हणजे एक साहित्य: इयत्ता, विषय, घटक, लिंक. शेवटचा रकाना 'वर्गात वापरलं का?' आणि सगळी मजा त्या रकान्यात. 'उदाहरण ४ चं उत्तर पाठीमागे चुकीचं छापलंय.' 'छेद समान असलेली गणितं आधी घ्या, नाहीतर मुलं गडबडतात.' 'एका तासात होत नाही, दोन धरा.' फाइल न उघडता नुसता हा रकाना वाचायला येणारे शिक्षक आमच्यात आहेत. स्वतःहून काही न बनवणारेसुद्धा तिथे एक ओळ टाकून जातात, आणि त्या ओळीवरून पुढची आवृत्ती सुधारते. आता आमचं प्लॅटफॉर्म कोणी विचारलं तर मी ती शीटच दाखवते.

बिनतासाची
आम्ही विकी वापरली. कल्पना जुनीच. वॉर्ड कनिंगहॅमनी पहिली विकी १९९५ मध्ये सुरू केली ती याच तत्त्वावर, की वाचणाऱ्यानेच पान दुरुस्त करावं. जुनी आवृत्ती परत आणता येते, त्यामुळे काही बिघडायची भीती नाही.

पण अडचण भिडेची निघाली. ज्येष्ठ बाईंनी लिहिलेल्या पानाला नवीन लागलेला शिक्षक हात लावेल का? चूक दिसली तरी तो गप्प बसायचा, फार तर फोन करून 'मॅडम, जरा बघता का' म्हणायचा. आम्ही दोन गोष्टी केल्या. पानावरून लेखकाचं नाव काढलं आणि वर फक्त घटकाचं नाव ठेवलं. दुसरं बाईंनीच केलं. बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माझ्या पानात चूक दिसली तर सरळ दुरुस्त करा, मला विचारत बसू नका. आवडलं नाही तर मी परत फिरवीन." त्यानंतर हात मोकळे झाले. हे काम कुठल्या सॉफ्टवेअरनं झालं नसतं.

आणखी एक. शिक्षकांमध्ये खूप चालणारी विकीस्पेसेस ही सेवा २०१८ पासून टप्प्याटप्प्याने बंद झाली. गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळा २०२४ च्या अखेरीस गेला. म्हणून जागा निवडताना मी पहिला प्रश्न हाच विचारते, की सगळं साहित्य एकगठ्ठा बाहेर काढता येतं का.

लॅबवाला
मूडल, म्हणजे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर. प्रश्नपेढीसाठी तोड नाही. गिफ्ट नावाच्या साध्या मजकुराच्या पद्धतीत प्रश्न नोटपॅडमध्ये लिहून एका फटक्यात चढवता येतात. पण मुळात ते विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी आहे, शिक्षकांनी एकत्र बसून लिहिण्यासाठी नाही. शिवाय सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. आमच्याकडे तो मीच, म्हणजे रजा टाकायची सोय नाही.

जुनेजाणते
बिनतासाची यांच्या मुद्द्याला जोडून: फाइल कोणाच्या मालकीची, हे आधी बघा. आमचे एक सहकारी नोकरी सोडून गेले. संस्थेनं त्यांचं खातं बंद केलं आणि त्यांनी शेअर केलेलं सगळं त्याबरोबर गेलं. आम्हा सगळ्यांना ते रोज दिसत होतं, त्यामुळे ते 'आपलं' आहे असंच वाटायचं.

ड्राइव्हच्या साध्या फोल्डरात फाइल बनवणाऱ्याची असते, फोल्डर कोणाचाही असो. जागाही त्याच्याच खात्यातली जाते, आणि मोफत खात्यात मेल, फोटो, फाइली मिळून १५ जीबी असतात. शेअर्ड ड्राइव्हमध्ये फाइल गटाच्या नावावर राहते, माणूस गेला तरी हलत नाही. पण ती सोय वैयक्तिक मोफत खात्यात मिळत नाही, संस्थेचं खातं लागतं. ते नसेल तर निदान जाणाऱ्या माणसाकडून मालकी दुसऱ्याच्या नावे करून घ्या, निरोप समारंभाच्या आधी.

वेलांटी
मराठी साहित्य असेल तर युनिकोडचा, म्हणजे कुठल्याही फोनवर मराठी नीट दिसेल अशा टायपिंगचा, आग्रह पहिल्या दिवसापासून धरा. जुन्या फॉन्टात टाइप केलेल्या टाचणांवर शोध चालत नाही आणि दुसऱ्याच्या फोनवर अगम्य चिन्हं दिसतात. छापील प्रत असेल तर स्कॅन करून गूगल डॉक्समध्ये उघडा, मजकूर बऱ्यापैकी सुटा होतो. जोडाक्षरं मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावी लागतात.

तळटीप
परवान्याचं कोणी बोललं नाही अजून. गाइडमधली पानं स्कॅन करून टाकणारे प्रत्येक गटात असतात. आम्ही पहिल्याच पानावर लिहून टाकलं: इथलं सगळं स्वतः बनवलेलं आणि क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी बाय-एसए परवान्याखाली. म्हणजे कोणीही घ्या, बदला, फक्त श्रेय द्या आणि बदललेलं त्याच अटीवर पुढे सोडा. 'व्यावसायिक वापर नको' ही अट मोहात पाडते, पण त्या अटीचं साहित्य आणि आमचं, दोन्ही मिसळून एक नवीन वर्कशीट करता येत नाही. चित्रांच्या बाबतीत हे सारखं आडवं येतं.

अपूर्णांक
@जुनेजाणते, तुमचं वाचून लगेच आमची शीट बघितली. मालकी ज्यांच्या नावावर आहे ते पुढच्या वर्षी निवृत्त होताहेत. उद्याच बोलते.

आता माझा एक प्रश्न. आमचे बरेच जण फोनवरूनच लिहितात. गणिती मांडणी फोनवरून टाकायचा सोपा मार्ग कोणाला सापडलाय का? सध्या कागदावर लिहून फोटो चिकटवतो, पण मग एक आकडा बदलायचा तरी पुन्हा वही काढावी लागते.