इंटरलाकेनहून एका दिवसात युंगफ्राउयोख: जाताना कुठून, येताना कुठून?

मंगळवार_पेठ
जूनमध्ये आम्ही दोघं स्वित्झर्लंडला निघालोय. इंटरलाकेनला तीन रात्री मुक्काम, त्यातला एक पूर्ण दिवस युंगफ्राउयोखला (बर्फाळ डोंगरातलं उंचावरचं रेल्वे स्टेशन) द्यायचा आहे. टूरवाले बरोबर नाहीत, सगळं आपलं आपणच. चार दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास घ्यायचं चाललंय. त्यात वरपर्यंतचं तिकीट येतं का? ग्रिंडेलवाल्डकडून चढावं की लाउटरब्रुनेनकडून? मिस्टरांना बीपीची गोळी चालू आहे, वय ५६, तर उंचीचा त्रास होईल का? आणि घरचं खायला नेलं तर चालतं का?

रंकाळा_काठ
ताई, एका बाजूनं चढा आणि दुसऱ्या बाजूनं उतरा. इंटरलाकेनहून काढलेलं परतीचं तिकीट दोन्ही वाटांना चालतं, मग त्याच वाटेनं परत कशाला यायचं?

चढताना ग्रिंडेलवाल्ड. गाडी इंटरलाकेन ओस्ट (पूर्व) स्टेशनवरून सुटते, वेस्ट (पश्चिम) वरून नाही. डोंगरात जाणारी गाडी पुढे त्स्वाइल्युत्शिनेनला दुभंगते, अर्धे डबे लाउटरब्रुनेनला आणि अर्धे ग्रिंडेलवाल्डला. म्हणून चढण्याआधी डब्यावरची पाटी वाचा. नुसता प्लॅटफॉर्म बरोबर असून भागत नाही, बरीच मंडळी इथंच चुकतात. उजव्या हाताची खिडकी धरा, आयगर शिखर तिकडून दिसतं. उतरायचं ग्रिंडेलवाल्ड टर्मिनलला. ते गावाच्या स्टेशनच्या अलीकडे येतं. गावापर्यंत गेलात तर उलट यावं लागेल.

टर्मिनलवरून आयगर एक्सप्रेस ही रोपवे २३२० मीटरवरच्या आयगरग्लेट्शरला १५ मिनिटांत पोचवते. ती डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाली. पाळण्यात २६ जण बसतात. तिथून डोंगरातल्या बोगद्यातून थेट युंगफ्राउयोखला जाणारी गाडी. ओस्टपासून वरपर्यंत सगळं मिळून साधारण दीड तास धरा.

उतरताना त्याच बोगद्याच्या गाडीनं क्लाइने शायडेग, मग वेंगेन, मग लाउटरब्रुनेन, मग ओस्ट. शायडेगपासून डावीकडे बसा, वेंगेनच्या पुढे लाउटरब्रुनेनची सगळी दरी खाली उघडते. गुडघे बरे असतील तर आयगरग्लेट्शरला उतरून शायडेगपर्यंत चालत या. जेमतेम तासाभराची उतरण आहे, वाटेत फालबोडन तळं लागतं. माझ्या मते दिवसातला हाच टप्पा सगळ्यात सुंदर. वाटेवर बर्फ शिल्लक असेल तर मात्र गाडीतूनच या.

पासाचं असं आहे: ग्रिंडेलवाल्ड आणि वेंगेनपर्यंत फुकट, त्याच्या वर २५ टक्के सवलत. हाफ फेअर कार्डावर सगळीकडे निम्मं तिकीट. दोन्ही सवलती एकावर एक लागत नाहीत. उन्हाळ्यात पूर्ण परतीचं तिकीट माणशी २०० फ्रँकच्या वर जातं. म्हणून बाकीच्या तीन दिवसांत रोज लांबचा प्रवास असेल तरच पास परवडतो. इंटरलाकेनच्या आसपासच फिरणार असाल तर हाफ फेअर घ्या. एकदा कागदावर मांडून बघाच.

मिरज_जंक्शन
उतरताना इतक्यांदा गाडी का बदलायची, तर गेज (दोन रुळांमधलं अंतर) वेगळे म्हणून. ओस्टची गाडी मीटरगेज, वेंगेनवरून शायडेगला चढणारी ८०० मिलिमीटर, आणि बोगद्याची पुन्हा मीटरगेज. आमच्या मिरजेला एके काळी तिन्ही गेज होते, तेव्हा मिरजेच्या माणसाला हे सांगायला नको! बदलायला मिळणारा वेळ थोडा दिसला तरी घाबरू नका, पुढची गाडी शेजारीच उभी असते.

बोगद्याच्या गाडीत चढण्याआधी वर बघा. दोन तारा दिसतील. थ्री-फेज विजेवर चालणाऱ्या फार थोड्या रेल्वे जगात उरल्यात, त्यातली ही एक. दोन फेज तारांतून, तिसरी रुळातून. चढ काही ठिकाणी चारास एक, म्हणून मधोमध दातेरी पट्टी. उतरणारी गाडी ब्रेक लावताना वीज तयार करते आणि ती परत तारेत जाते. काम १८९६ ला सुरू झालं, गाडी वर पोचली १ ऑगस्ट १९१२ ला. ज्यांनी ही कल्पना मांडली ते आडोल्फ गुयर-त्सेलर १८९९ लाच गेले.

चढताना आइसमेअर (३१६० मीटर) इथं गाडी पाच मिनिटं थांबते. डोंगर फोडून काचा बसवल्यात, त्यातून हिमनदीच्या भेगा अगदी समोर दिसतात. उतरताना थांबत नाही, तेव्हा चढतानाच उतरून बघा. फोटो काढून लगेच परत फिरा.

जागेचं आरक्षण वेगळं, माणशी १० फ्रँक. पासात ते धरलेलं नाही. जूनमध्ये ते घ्यावंच लागेल असं धरून चला. आणि ठरल्या गाडीच्या आधी आयगरग्लेट्शरला पोचायला हवं, त्यामुळे खालची गाडी एक आधीचीच पकडा.

शिवाजी_पेठ
तब्येतीचं सांगतो. इंटरलाकेन ५६७ मीटरवर आहे, म्हणजे जवळपास आपल्या कोल्हापूरच्याच उंचीवर. युंगफ्राउयोख ३४५४ मीटर. दीड तासात जवळजवळ २९०० मीटर चढता, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आत येतो, तेवढाच प्राणवायूही कमी. डोकं जड होणं, धाप लागणं, मळमळ हे धडधाकट माणसालाही होतं. गाडीतून उतरल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं मुद्दाम सावकाश चाला, पाणी घोट घोट पीत राहा, पोट तुडुंब भरू नका. वर दोन-अडीच तास पुरेत. डोकेदुखी वाढली, चालताना तोल जायला लागला किंवा उलटी झाली तर बसून वाट बघायची नाही, मिळेल त्या गाडीनं खाली. उतरणं हाच त्यावरचा खरा उपाय. बीपीची गोळी चुकवू नका. निघण्याआधी डॉक्टरांना ३४५४ हा आकडा सांगूनच विचारा. नुसतं 'थंड हवेचं ठिकाण' म्हणालात तर अंदाज येणार नाही.

जूनमध्येही वर तापमान शून्याच्या आसपास असतं आणि पायाखाली बर्फ. रबरी, खोल खाचांच्या तळाचे बूट हवेत, कोल्हापुरी पायताण नाही. वर बर्फात कोरलेला बर्फमहाल आहे, त्याची फरशी बर्फाचीच आहे, तिथं कठडा धरून चाला. गॉगल आणि सनस्क्रीन विसरू नका, बर्फावरून ऊन उलटं डोळ्यांत येतं.

खाणं जरूर न्या, पण हॉटेलच्या टेबलावर डबा उघडू नका. एक लक्षात ठेवा: खाली घट्ट बंद केलेलं भडंगाचं पाकीट वर फुगून टम्म होतं, आणि कांदा-लसूण चटणीची डबी उघडली की कडेनं तेल उसळतं. पाकिटाला आधीच बारीक भोक पाडा. चटणी थोडी, दोन पिशव्यांत घालून न्या.

मंगळवार_पेठ
सगळ्यांचे मनापासून आभार. त्या दिवशी ढग असले तर?

रंकाळा_काठ
म्हणूनच तीन दिवसांतला दिवस आत्ता ठरवू नका. आदल्या संध्याकाळी अंदाज बघून आरक्षण करा आणि सकाळी निघण्यापूर्वी वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघा. खाली ढग असून वर लख्ख ऊन असणं किंवा नेमकं उलटं, दोन्ही होतं. हवा वाईट म्हणून पैसे परत मिळतील असं धरू नका. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग चढतात, तेव्हा पहिल्या गाड्यांपैकी एक पकडा. वर पोचलात की आधी लिफ्टनं ३५७१ मीटरवरच्या स्फिंक्सच्या गच्चीवर जा, 'आलेच' नावाची हिमनदी तिथून दिसते. बर्फमहाल आणि दुकानं ढगातही बघता येतात.

सगळाच दिवस पांढरा दिसत असेल तर वर जाऊच नका. लाउटरब्रुनेनला उतरा, स्टाउबबाखचा धबधबा बघा, आणि स्टेशनवरून पोस्टबसनं ट्र्युमेलबाखला. डोंगराच्या पोटात हिमनदीच्या पाण्याचे १० धबधबे आहेत, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत पाणी कोसळतं. पाऊस असला तरी काही बिघडत नाही, फक्त पायऱ्या ओल्या असतात आणि तुषारांनी अंग भिजतं, रेनकोट घालूनच आत जा.