मदत हवी आहे: पुरंदरमधल्या ४ एकर जिरायतीत पाणी मुरवायचंय. आधी शेततळं की आधी बांध?

नमस्कार मंडळी,

राहायला धायरीत, गाव पुरंदर तालुक्यात, सासवडच्या पुढे. वडिलोपार्जित ४ एकर जिरायत आहे, ती चुलते कसतात. मी शनिवार-रविवार जातो.

जमीन उताराची. वरच्या अंगाला गायरान, मध्ये आमचे तीन तुकडे, खाली ओढा. ओढ्याकाठी सात परस (पुरुषभर उंचीचं माप) खोल विहीर आहे, १९७२च्या दुष्काळानंतर आजोबांनी खोदलेली. मी शाळेत असताना होळीलासुद्धा तिच्यात पोहायचो. आता संक्रांतीला तळ दिसतो.

गेल्या जूनमध्ये दीड तास पाऊस कोसळला तेव्हा मी शेतातच होतो. ट्रॅक्टर वळायला अडचण होते म्हणून वरच्या तुकड्याचा बांध तीन वर्षांपूर्वी फोडलाय. तिथूनच लाल पाण्याचा लोंढा आत शिरला आणि नुकती पेरलेली बाजरी बियाणासकट ओढ्यात घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळीने उकरून पाहिलं. वरची चार बोटं माती ओली. त्याखाली कोरडी ठाक, ढेकूळ हाताने फुटेना. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

हिशेब मांडून बघितला. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला १ लिटर. वर्षाला ५०० मिलिमीटर धरला तरी ४ एकरांवर सुमारे ८० लाख लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे ८०० टँकर. आमच्या सोसायटीत मे महिन्यात एकेका टँकरसाठी भांडणं होतात, आणि इथे एवढं पाणी आमच्या डोळ्यांदेखत ओढ्याने निघून जातंय.

चुलते म्हणतात, बोअर घेऊ. शेजारच्याने गेल्या उन्हाळ्यात ४०० फूट घेतलं, नुसता फुफाटा निघाला. मला ते नकोय. जमिनीत पाणी मुरावं, माती पुन्हा जिवंत व्हावी असं वाटतं. पैसे मात्र यंदा एकाच कामापुरते आहेत, म्हणून विचारतो:

शेततळं करून प्लास्टिकचा कागद अंथरावा की आधी बांधबंदिस्ती? हिरवळीच्या खतासाठी ताग पेरून गाडला तर एवढ्या कमी पावसात परवडेल का? आणि ऑस्ट्रेलियात योमन्स यांनी मांडलेली कीलाईन पद्धत, म्हणजे समतल रेषेच्या आधाराने खोल फाळ मारून पाणी घळीकडून उंच सोंडेकडे फिरवायचं, ती आपल्या मुरमाड रानात कुणी केलीय का?

– धायरीकर

बांधावरची बोर:

धायरीकर, शेततळं यंदा नको. कागद अंथरला की पाणी साठतं, मुरत नाही. आणि पावसाने भरलं नाही की लोक विहिरीतलं पाणी उपसून त्यात टाकतात. जमिनीखाली सुरक्षित असलेलं पाणी वर आणून उन्हात वाळवायचं, असा तो प्रकार होतो. आमच्या शिवारात हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आधी फोडलेला बांध घाला. पण नजरेच्या अंदाजाने नको, ए-फ्रेमने (काठ्यांची A आकाराची चौकट, मध्ये ओळंबा) किंवा पाण्याच्या नळीने समपातळी काढून. दोन काठ्या आणि पारदर्शक नळी एवढ्यावर काम होतं. प्रत्येक बांधाला दगडी सांडवा, म्हणजे जादा पाणी निघायची वाट, ठेवा. सांडवा नसेल तर पहिल्याच वळवात बांध फुटतो आणि फुटलेला बांध नसलेल्या बांधापेक्षा जास्त माती नेतो. काम वरून खाली करत या. गायरानात चर काढायचे तर ग्रामपंचायतीचा ठराव लागेल. तो मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण तुमचं निम्मं दुखणं तिथूनच येतंय.

चार बोटांखालचा कडक थर बहुतेक रोटाव्हेटरचा असावा. दरवर्षी तेवढीच खोली फिरवली की खाली तवा बसतो. एप्रिल-मेमध्ये रान कोरडं असताना सबसॉयलर (माती न पलटता खालचा थर फोडणारा खोल फाळ) मारा, उताराला आडवा. कीलाईनचा आपल्याला कळणारा भाग एवढाच, आणि तो इथे चालतो. पण आधी दोन-तीन ठिकाणी खड्डा घेऊन मुरूम किती खोल आहे ते बघा. मुरूम हातभरावर असेल तर खोल फाळाचा हट्ट धरू नका.

तागाबद्दल: पाऊस कमी असेल तर तागच ओल खाऊन टाकतो. त्यापेक्षा बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा आणि पाला छाटून रानात पसरा. बांधाच्या पोटाला मारवेल किंवा पवना गवत लावा, मुळं माती धरतात, चाराही होतो. आणि कृपा करून बाजरीचं सरमड, तुरीचं भुसकट पेटवू नका.

सातवा_परस:

तुमच्याच तालुक्यातलं नायगाव बघून या. विलासराव साळुंखे पुण्याचे इंजिनिअर-उद्योजक. १९७२च्या दुष्काळानंतर त्यांनी तिथली देवस्थानची ४० एकर उजाड जमीन कसायला घेतली. उतारावर बांध, पायथ्याला पाझर तलाव, त्याखाली विहीर. त्यातूनच पाणी पंचायत उभी राहिली: पाण्याचा हक्क माणशी अर्ध्या एकराचा, भूमिहीनांनाही वाटा, ऊस नाही. मला यातला शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाणी मुरलं की पहिल्याच वर्षी कुणीतरी खालच्या अंगाला ऊस लावतो आणि विहीर पुन्हा तळाला जाते. चुलत्यांशी पिकाचं आत्ताच बोलून घ्या.

एक सावधगिरी. ओढ्याचं गढूळ पाणी थेट विहिरीत सोडू नका. गाळाने झरे बुजतात. दिवाळीपासून दर पंधरवड्याला दोरी सोडून पाण्याची पातळी वहीत लिहा.

धायरीकर:

दोघांचेही मनापासून आभार. रोटाव्हेटरचं बरोबर आहे, आठ वर्षं तोच चाललाय. काल चुलत्यांना फोन लावला. बोअरचं यंदा थांबू म्हणाले, ऊस लावणार नाही असंही कबूल केलं. या रविवारी नळी घेऊन जातोय.

एकच अडचण. फुटलेल्या बांधाच्या उजव्या टोकाला खडक उघडा आहे, डाव्या टोकाला शेजाऱ्याचं अंजीर. सांडवा खडकावर काढावा हे उघड दिसतं, पण तिथून पाणी सरळ आमच्या विहिरीच्या काठाशी येईल. काठाचे दगड आधीच सुटलेत. सांडवा आणि विहीर यांच्यामध्ये आडवा चर काढून पाणी विहिरीपासून बाजूला वळवलं तर चालेल का? रविवारी जागेचे फोटो टाकतो.