श्वास रोखून बघितलेले पाणबुडीचे पिक्चर: तुमचा कोणता?

परवा रात्री 'दास बोट', दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचा पिक्चर, परत बघितला, कितव्यांदा ते आता मोजत नाही. आमच्याकडे या पिक्चरचं नाव 'दहा बोटं' पडलंय, कारण मी पहिल्यांदा नाव सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं कुणाचं तरी बोट तुटतं त्यात. तर वर विनाशिका (पाणबुड्यांची शिकार करणारी युद्धनौका) घिरट्या घालतेय, खाली सगळे वर बघत गप्प उभे आहेत, हायड्रोफोनवाला (पाण्यातले आवाज ऐकणारा) कानाला हेडफोन लावून चाक हळूहळू फिरवतोय, आणि माझ्या लक्षात आलं की माझा हात रिमोटवर आहे आणि मी टीव्हीचा आवाज कमी करतोय. घरचे झोपलेत म्हणून नाही हं, वरच्या विनाशिकेला ऐकू जाईल म्हणून! वय वर्षं एक्केचाळीस.

मग वाटलं की असं फक्त माझंच होतं की अजून कुणाचं होतं ते विचारावं, म्हणून हा धागा. पाणबुडीवरचे किंवा समुद्राखालच्या लढाईवरचे जुने पिक्चर, आणि ते बघताना तुमचं काय झालं ते लिहा. नुसती यादी नको, यादी कुठेही मिळते.

माझ्यापुरतं सांगतो. १९८१ चा पिक्चर, वोल्फगांग पीटरसनचा, लोथार ग्युंथर बुखहाइमच्या कादंबरीवरून. बुखहाइम स्वतः १९४१ मध्ये यू-९६ या जर्मन पाणबुडीवर युद्धवार्ताहर म्हणून गेला होता त्यामुळे बारकावे ऐकीव नाहीत. मला सगळ्यात जास्त आवडतो तो सुरुवातीचा चाचणी बुडीचा सीन. कप्तान नुसता खाली खाली जायला सांगतो, लोखंड कण्हायला लागतं, नवख्या वार्ताहराला घाम फुटतो आणि कप्तान गालातल्या गालात हसतोय. तेव्हा आपणही हसतो. नंतर जिब्राल्टरला तीच बोट थांबायचं नाव घेत नाही आणि २८० मीटरवर तळाला जाऊन टेकते तेव्हा तेच कण्हणं परत ऐकू येतं, आणि आता कुणीच हसत नाही. दर दहा मीटरला साधारण एका वातावरणाचा दाब वाढतो, म्हणजे बाहेरून अठ्ठावीस पट जास्तीचा दाब. बोल्ट गोळीसारखे उडतात ते काय उगाच नाही.

*

अगदी अगदी! आवाज कमी नाही केला पण मी शिंक दाबलीय, खरंच.

माझा मात्र 'द हंट फॉर रेड ऑक्टोबर', १९९०. पहिल्यांदा बघितला तेव्हा कॉलेजात होते आणि मैत्रिणीकडे बघितला. तिला शॉन कॉनरी बघायचा होता, मी घरी लवकर जायचं नाही म्हणून बसले होते. आणि शेवटी मी अडकले त्या सोनारवाल्या (पाण्यातल्या आवाजावरून जहाजं ओळखणाऱ्या) पोरात, जोन्समध्ये. कॉम्प्युटर त्याला सांगतोय की हा भूगर्भातला काहीतरी आवाज आहे, आणि हा पठ्ठ्या ती टेप दहापट वेगाने वाजवतो आणि त्यात एक ताल सापडतो, यंत्राचा, माणसाने केलेला. मला तेव्हा कळलं की पाणबुडीला डोळे नसतात, सगळा खेळ कानाचा. मी तबला शिकत होते त्यामुळे असेल, पण सगळ्यांना जे नुसतं घरघरणं वाटतं त्यात एकाला लय ऐकू येणं हे मला टॉर्पेडोपेक्षा थरारक वाटलं.

आणि ती भाषेची गंमत! रशियन अधिकारी रशियनमध्ये बोलतायत, कॅमेरा वाचणाऱ्याच्या ओठांवर सरकत जातो, 'आर्मागेडन' हा शब्द येतो जो दोन्हीकडे सारखाच, आणि तिथून पुढे सगळे इंग्रजीत. किती साधी युक्ती. बाकी कॉनरीचा रशियन कप्तान स्कॉटिश हेल काढून बोलतो ते आपण प्रेमापोटी माफ करायचं.

*

मी काही वर्षं मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली आहेत. पाणबुडीत नाही, पण डिझेलच्या शेजारी जगणं काय असतं ते माहितीये. तिथे आवाजाचा त्रास होत नाही, सवय होते, त्यात मस्त झोप लागते. त्रास होतो तो शांततेचा. एकदा भर समुद्रात रात्री जनरेटर ट्रिप झाला, सगळं बंद, पंखेसुद्धा बंद, आणि केबिनमध्ये झोपलेला प्रत्येक जण एकदम ताडकन उठून बसला. अलार्म नंतर वाजला. आम्हाला शांततेने उठवलं.

म्हणून 'दास बोट'मधला योहान माझा माणूस. बाकीचे त्याला भूत म्हणतात, इंजिनाशी लग्न लागलेला. त्या बोटी म्हणजे खरं तर पाण्याखाली जाऊ शकणाऱ्या बोटी, कायम खाली राहणाऱ्या नव्हेत. डिझेलला हवा लागते, त्यामुळे बुडी मारली की डिझेल बंद आणि बॅटरीवरच्या मोटारी चालू. वर १७ नॉटने पळणारी बोट खाली जेमतेम ७ ने, तेही थोडाच वेळ, नाहीतर बॅटरी झोपते. आता विचार करा, ज्याचं सगळं आयुष्य त्या धडधडीत आहे त्याचं इंजिन बंद करून त्याला सांगितलं की गप्प बस आणि वरून डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, पडताना ऐक. तो वेडापिसा होऊन जागा सोडून येतो तेव्हा आमच्या घरात कुणीतरी म्हणालं, किती भित्रा. मी म्हटलं, भित्रा नाही रे बाबा, बेकार झालाय तो. आणि पुढे तळाशी बोट फुटत असते तेव्हा पाण्यात शिरून दुरुस्ती करणारा हाच.

एक तक्रार मात्र सगळ्याच पिक्चरवाल्यांबद्दल. पाणबुडी दिसली की पिंग... पिंग... चालू. अहो, स्वतः पिंग, म्हणजे प्रतिध्वनी ऐकायला आवाज, सोडणं म्हणजे अंधाऱ्या खोलीत टॉर्च लावणं, तुम्हाला समोरचा दिसेल पण समोरच्याला तुम्ही आधी दिसाल. पिंग करायचं ते वरच्या शिकाऱ्याने. पाणबुडी नुसती ऐकते.

*

वरच्या टॉर्चच्या उदाहरणाला १०० मार्क.

*

'द एनिमी बिलो', १९५७. आजोबांबरोबर बघितला. आजोबा कुठलाही पिक्चर लागला की दहाव्या मिनिटाला घोरायला लागायचे, हा त्यांनी सरळ बसून शेवटपर्यंत बघितला आणि मला चहा करायलाही उठू दिलं नाही. रॉबर्ट मिचम वर अमेरिकन जहाजावर, कुर्ट युर्गेन्स खाली जर्मन पाणबुडीत, दोघांनी एकमेकांना बघितलेलंच नाही आणि तरी पूर्ण वेळ दोघं एकमेकांच्या डोक्यात शिरून पुढची चाल ओळखतायत. आजोबा बुद्धिबळवाले. ते मध्येच पुटपुटायचे, "आता हा डावीकडे जाणार बघ", आणि बऱ्याचदा बरोबर निघायचं, चुकलं की म्हणायचे कप्तान चुकला.

खाली तळाशी बसल्यावर डेप्थ चार्जने पोरं मोडायला आली की जर्मन कप्तान ग्रामोफोन लावतो आणि सगळे गातात. लपायच्या वेळी गाणं! आजोबा म्हणाले, बरोबर केलं त्याने. मला तेव्हा पटलं नव्हतं. ऑस्कर स्पेशल इफेक्ट्सला मिळालं याला, पण मला आठवतो तो शेवटी फेकलेला दोर. कोण कुणाला फेकतो ते नाही सांगत.

*

कुणीतरी 'यू-५७१' लिहिणारच आहे तर आधीच सांगून ठेवतो, साउंड जबरदस्त, टाइमपास एक नंबर, इतिहास म्हणून शून्य. पिक्चरमध्ये अमेरिकन लोक जर्मन पाणबुडीवरून एनिग्मा, म्हणजे जर्मनांचं गुप्त संदेशांचं यंत्र, पळवतात. प्रत्यक्षात यू-११० वरून एनिग्मा आणि कागदपत्रं काढली ब्रिटिश 'एचएमएस बुलडॉग'च्या लोकांनी, मे १९४१ मध्ये, अमेरिका युद्धात उतरली त्याच्या सात महिने आधी. डेव्हिड बाम नावाचा वीस वर्षांचा सबलेफ्टनंट होता, त्या शिडीवरून सगळ्यात आधी खाली उतरला. खाली कुणी बंदूक घेऊन बसलंय का, बोट उडवायचे स्फोटक लावलेत का, काही माहीत नाही, आणि शिडी उतरायला दोन्ही हात लागतात म्हणून पिस्तूल परत म्यानात. खरी गोष्ट हातात असताना हे लोक खोटी का रचतात कळत नाही. पिक्चर मी चार वेळा बघितलाय ते वेगळं.

*

माझा अनुभव जरा वेगळा आहे, हसू नका.

मला बंद जागेची भीती वाटते आणि गेल्या वर्षी पाठीचा एमआरआय करायची वेळ आली. आत सरकवलं, नाकासमोर छत, टेक्निशियन म्हणाला अजिबात हलू नका, आणि ते ठोके सुरू झाले. मला रडूच यायला लागलं. हातात तो दाबायचा फुगा होता, दाबणार इतक्यात कुठूनसा पाणबुडीचा पिक्चर डोक्यात आला, बहुतेक 'रन सायलेंट, रन डीप'. आणि मी ठरवलं की हे डेप्थ चार्ज आहेत. मग मोजायला लागले. हा लांबचा, हा जवळचा, आता थांबलेत म्हणजे वरचा कान लावून बसलाय, आता हललं तर मेलो. पंचवीस मिनिटं मी अख्खी बोट वाचवली हो! बाहेर आल्यावर टेक्निशियन म्हणाला इतके स्थिर पेशंट कमी येतात.

त्या पिक्चरबद्दल दोन ओळी: १९५८, क्लार्क गेबल आणि बर्ट लँकेस्टर, मूळ कादंबरी खऱ्या पाणबुडी अधिकाऱ्याची, एडवर्ड बीचची. गेबल सगळा वेळ एकच कवायत करून घेतो, बुडी आणि लगेच समोरून मारा, परत बुडी, परत मारा, पोरं वैतागतात. मला आधी कंटाळवाणं वाटलेलं. एमआरआयनंतर नाही वाटत.

*

आत्तापासून कुणाला एमआरआयला जायचं असेल तर डॉक्टरांनी पिक्चर लिहून द्यावा. गोळीबरोबर, रात्री झोपताना, एक.

*

सगळे एवढे गंभीर, म्हणून 'ऑपरेशन पेटिकोट' (१९५९). कॅरी ग्रांट, टोनी कर्टिस आणि गुलाबी पाणबुडी. रंग पुरेना म्हणून लाल आणि पांढरा प्रायमर एकत्र केला आणि वरचा करडा रंग द्यायच्या आधीच पळावं लागलं. टॉयलेट पेपरसाठीचा पत्रव्यवहार आहे ना त्यात, तो खऱ्या पत्रावरून घेतलाय, १९४२ मध्ये 'स्किपजॅक' पाणबुडीच्या कप्तानाने खरोखर असं खवचट पत्र पाठवलं होतं. आणि आपलीच जहाजं मारायला उठल्यावर आपण अमेरिकन आहोत हे पटवायला टॉर्पेडोच्या नळीतून काय सोडतात ते पिक्चरमध्येच बघा.

याच कॅरी ग्रांटचा 'डेस्टिनेशन टोकियो' १९४३ चा. मी नर्स आहे, त्यामुळे त्यातलं अपेंडिक्सचं ऑपरेशन मी चेहऱ्यापुढे उशी धरून बघितलं, रक्तासाठी नाही, निर्जंतुकीकरणासाठी! मग नंतर वाचलं की हेही खरं घडलेलं. १९४२, 'सीड्रॅगन' पाणबुडी, डॉक्टर नाहीच बोटीवर, व्हीलर लाइप्स नावाच्या औषधं बघणाऱ्या खलाशाने जेवणाच्या टेबलावर केलं. जखम उघडी धरायला वाकवलेले चमचे, इथरच्या मास्कसाठी चहाची गाळणी. पेशंट जगला. त्यानंतर मी ऑपरेशन थिएटरमध्ये सामान कमी आहे म्हणून कुरकुर करताना दोनदा विचार करते. कुरकुर करतेच, पण दोनदा विचार करून.

*

थोडा विरोधी सूर लावू का? मला हे सगळे सारखेच वाटतात. दाढी, घाम, लाल दिवा, एक काटा लाल पट्ट्यात, पाइपातून पाणी, एक पोरगा किंचाळणार, दुसरा त्याच्या तोंडावर हात ठेवणार. 'क्रिमसन टाइड' तेवढा आवडला कारण त्यात शत्रू बाहेर नाहीच, अर्धवट आलेला एक संदेश आहे आणि दोन हुशार माणसं आहेत, दोघांचंही बरोबर.

*

विरोधी सूरवाल्यांनी 'द क्रुएल सी' (१९५३) बघावा. हा खालून नाही, वरून आहे. जॅक हॉकिन्स कॉर्व्हेटचा, म्हणजे छोट्या युद्धनौकेचा, कप्तान. बुडालेल्या जहाजातली माणसं पाण्यात पोहतायत, हे वाचवायला येतायत म्हणून हात हलवतायत, आणि सोनारवर आवाज येतो की बरोबर त्यांच्याच खाली पाणबुडी आहे. डेप्थ चार्ज टाकला तर पोहणारे मरणार, नाही टाकला तर पुढची जहाजं. तो टाकतो. आणि पाणबुडी सापडतच नाही.

मी हा पिक्चर वडिलांबरोबर बघत होतो. वडील रेल्वेत सिग्नलवर होते, आयुष्यभर. त्या सीननंतर त्यांनी टीव्ही बंद केला नाही, काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

*

पाण्यात उतरल्यासारखं झालं वरचं वाचून.

माझा शेवटचा म्हणून लिहितो, 'ऑन द बीच', १९५९. लढाईचा म्हणता येणार नाही, लढाई होऊन गेलीय, अणुयुद्धाने उत्तर गोलार्ध संपलाय आणि उरलेली एक अमेरिकन पाणबुडी ग्रेगरी पेक चालवतोय. कुठूनतरी मोर्स सिग्नल येत असतो, तुटक, अर्थहीन, पण येतोय म्हणजे कुणीतरी जिवंत आहे, म्हणून ते हजारो मैल जातात. तो सिग्नल कोण देतंय ते कळतं तेव्हा मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन आमच्या पडद्याची दोरी नीट बांधून आलो, यापेक्षा जास्त सांगत नाही.

पण मनात राहिलाय तो वेगळा सीन. सॅन फ्रान्सिस्कोला एक खलाशी बोटीतून पळून पोहत किनाऱ्यावर जातो, त्याचं गाव आहे ते. आता तो परत येऊ शकत नाही, हवेत विष आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो छोट्या होडीत गळ टाकून बसलाय आणि पाण्यातून पेरिस्कोप वर येतो. कप्तान आतून लाउडस्पीकरवर त्याच्याशी बोलतो. साध्या गप्पा, शहरात काय दिसलं, कोण भेटलं. खलाशी त्या पेरिस्कोपच्या काचेकडे बघत उत्तरं देतोय. इतके सगळे पिक्चर बघितले, पेरिस्कोप कायम कुणालातरी मारायलाच वर यायचा. मग बोलणं संपतं आणि पेरिस्कोप परत पाण्यात जातो, आणि तो होडीत एकटा गळ धरून बसलेला.