घाण्याच्या तेलाचा साबण मऊ राहतोय आणि वर नारिंगी ठिपके : मदत हवी आहे

करवीरकन्या
कोल्हापुरात लाकडी घाण्याचं शेंगतेल आणि करडईचं तेल ताजं मिळतं, म्हणून अंगाच्या साबणाची कृती त्यावरच बसवली आहे. थंड पद्धत, म्हणजे मिश्रण न शिजवता. एक किलो तेलाला प्रमाण असं: शेंगतेल ६०० ग्रॅम, करडई २५०, खोबरेल १५०. कॉस्टिक सोडा १३२ ग्रॅम, म्हणजे ८ टक्के तेल साबण न होता मोकळं राहील असा. पाणी बोअरचं, ३८० ग्रॅम.

साच्यातून वडी लवकर सुटत नाही. महिनाभर सुकवली तरी अंगठ्याने दाबली की खळगा पडतो. फेस जेमतेम, तोही बुळबुळीत. आणि आता वडीवर नारिंगी ठिपके उठलेत, जुन्या तेलासारखा वास येतो. जिभेला टोचत नाही, म्हणजे सोडा जास्त झालेला नाही. सोडा वाढवावा का? की हा आपल्याकडच्या पावसाळी हवेचा प्रताप? शक्यतो पाम तेल नको आहे.

ओलीहवा
हवेचा वाटा आहे, पण थोडा. साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे जुलै-ऑगस्टात वडीला घाम फुटतोच. तो पुसला की जातो. खळगा पडणं आणि ठिपके येणं ही त्याची लक्षणं नव्हेत. ३८० ग्रॅम पाणी मात्र जास्तच आहे, सोड्याच्या दुप्पट पुरे. आणि वड्या लोखंडी जाळीवर सुकवत असाल तर आधी ते थांबवा, लोखंड लागतं तिथून ठिपके सुरू होतात.

रसायनवाट
सोडा वाढवू नका. एक ग्रॅम तेलाला किती ग्रॅम सोडा लागतो, त्या आकड्याने प्रत्येक तेल गुणून पाहिलं: ६०० × ०.१३६, २५० × ०.१३६, १५० × ०.१८३. बेरीज १४३ ग्रॅम, त्यातून ८ टक्के वजा केले की १३१.६. तुमचा आकडा बरोबर आहे. घोळ तेलांच्या निवडीत आहे.

साबण म्हणजे मेदाम्लांचे सोडियम क्षार. घाणा लाकडी की लोखंडी याने त्यात फरक पडत नाही, कुठलं आम्ल किती आहे याने पडतो. लॉरिक आणि मिरिस्टिक ही आखूड साखळीची आम्लं, खोबरेलात दोन्ही मिळून साधारण ६५ टक्के. त्यांचा साबण कडक होतो, पाण्यात चटकन विरघळतो आणि भरभरून फेस देतो, पण जास्त झाली तर कातडी कोरडी पडते. पामिटिक आणि स्टिअरिक वडीला टणकपणा देतात, ती लवकर झिजत नाही, फेस बारीक आणि दाट येतो. ओलिक सौम्य आहे पण मऊ, आणि एकटंच जास्त असलं की फेसाला तार सुटते. तो बुळबुळीतपणा यातूनच येतो.

आता तुमचं खरं दुखणं, लिनोलिक आम्ल. याच्या साखळीत दोन दुहेरी बंध असतात आणि त्यांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन फार सहज निघतो. तिथे हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि खवटपणाची साखळी सुरू होते. ओलिकमध्ये एकच दुहेरी बंध, त्यामुळे तो या बाबतीत कितीतरी संथ. नारिंगी ठिपका म्हणजे हेच खवटलेलं तेल. नेहमीच्या करडईत लिनोलिक ७५ टक्क्यांच्या घरात असतं, शेंगतेलात साधारण ३०. म्हणजे २५० ग्रॅम करडईतून १८७ ग्रॅम आणि ६०० ग्रॅम शेंगतेलातून १८० ग्रॅम. हजारात ३६७, म्हणजे जवळपास ३७ टक्के. साबणात हे १५ टक्क्यांच्या आसपास थांबवायचं असतं. उलट लॉरिक-मिरिस्टिक तुमच्याकडे जेमतेम १० टक्के, पामिटिक-स्टिअरिक १२. वडी कडक व्हायला आधारच नाही.

त्यावर ८ टक्के मोकळं तेल ठेवलंत. साबण झालेल्या आम्लापेक्षा मोकळं तेल लवकर बिघडतं. म्हणून ५ टक्के ठेवा.

ओलीहवा
बोअरच्या पाण्याचंही सांगायला हवं. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे न विरघळणारा चिकट साका होतो, म्हणजे फेस आणखी मरतो. लोह किंवा तांब्याचा अंश असेल तर खवटपणाला तोच पेटवतो. सोडा विरघळवायला बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या. मोटारीच्या सामानाच्या दुकानात मिळतं, फक्त सीलबंद बाटली आणि ॲसिड नव्हे, हे दोनदा वाचून घ्या.

करवीरकन्या
म्हणजे करडई पूर्ण बंद? आणि पाम नसेल तर टणकपणा कशातून आणायचा?

मुठेल
करडई स्वयंपाकाला ठेवा. उच्च ओलिक जातीची करडईही असते, ती साबणाला चालते, पण घाण्यावर कुठल्या जातीचं बी आलंय याची खात्री नसेल तर त्या भानगडीत पडू नका.

टणकपणाला मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तूप. स्टिअरिक ५५ टक्क्यांच्या पुढे आणि लिनोलिक नगण्य. गगनबावड्याचा घाट उतरलं की कोकण, त्यामुळे आपल्याकडे कोकणी मालाच्या दुकानात चौकशी करायला हरकत नाही. घरगुती गोळा असेल तर वितळवून सुती फडक्यातून गाळा, त्यात बियांचा चोथा आणि पाण्याचा अंश राहतो.

एक किलोला: शेंगतेल ४९० ग्रॅम, खोबरेल २८०, मुठेल १५०, एरंडेल ८०. सोडा असा: ६६.६ + ५१.२ + २०.३ + १०.२ म्हणजे १४८.३, पाच टक्के वजा करून १४१ ग्रॅम. पाणी २८२ ग्रॅम. यात लिनोलिक १५-१६ टक्के येतं, लॉरिक-मिरिस्टिक १९, पामिटिक-स्टिअरिकही तेवढंच. एरंडेलात ९० टक्के रिसिनोलिक असतं, ते फेस धरून ठेवतं. एरंडेल १० टक्क्यांच्या वर नेलंत तर वडी चिकट होईल. खोबरेलही ३० च्या वर नको.

मुठेल साधारण ४० अंशांवर वितळतं. तेलं त्याहून थंड असतील तर मिश्रण नुसतं थिजून घट्ट दिसतं आणि साबण धरला असं वाटतं. साच्यात ओतल्यावर तेल वेगळं होतं. म्हणून तेलं आणि सोड्याचं पाणी दोन्ही ४५ अंशांच्या आसपास असताना मिसळा. स्टिअरिक आणि एरंडेल दोघांमुळे मिश्रण लवकर घट्ट होतं, तेव्हा हँड ब्लेंडर थोडा चालवा, थांबा, चमच्याने ढवळा. साचा आधीच तयार हवा.

सोडा नेहमी पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीही नाही. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमवर सोडा पडला की हायड्रोजन सुटतो आणि भांडं खातं. गॉगल, हातमोजे, उघडी खिडकी. सोड्याची पिशवी उघडी राहिली की तो हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेतो, मग वजन बरोबर आणि ताकद कमी. अशा सोड्याने हिशेब चुकतो आणि न कळत मोकळं तेल वाढतं. गठ्ठे झालेला सोडा साबणाला वापरू नका.

रसायनवाट
एक भर. धातूंचे अंश बांधायला किलोमागे १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानातलं लिंबू सत्व, डिस्टिल्ड वॉटरमध्ये आधी विरघळवा. ते ६ ग्रॅम सोडा खातं, तेव्हा १४१ च्या जागी १४७ घ्या. हे ६ ग्रॅम विसरलात तर मोकळं तेल पाचावरून नवाच्या आसपास जाईल आणि पुन्हा तिथेच याल. नाही जमलं तर सायट्रिक सोडून द्या, अर्धवट करू नका. खवटपणा रोखायला ई व्हिटॅमिनच्या कॅप्सूल फोडून घालण्यावर तर अजिबात भिस्त ठेवू नका.

करवीरकन्या
आधीच्या वड्या किसून, वितळवून, त्यात खोबरेल-सोडा वाढवून वाचतील का?

रसायनवाट
ठिपके आलेल्या नाहीत. खवटपणा वितळवल्याने मागे फिरत नाही, उलट उष्णतेने आणि ढवळण्याने सगळीकडे पसरतो. बिनठिपक्याच्या वेगळ्या काढून लगेच वापरात आणा, साठवू नका. उरलेल्या फरशीला, फडक्यांना.

ओलीहवा
नवीन वड्या बांबूच्या नाहीतर लाकडी फळीवर, बटर पेपर घालून, दोन वड्यांत बोटभर अंतर ठेवून. पंखा चालू, ऊन नको. चार ते सहा आठवडे. पावसाळ्यात सहाच धरा, आणि दर आठवड्याला तीच एक वडी तोलून पाहा. वजन घटायचं थांबलं की मगच डब्यात.

मुठेल
आणि शेंगतेल घेताना वास घ्या. घाण्याचं गाळलेलं तेलही महिनोनमहिने उन्हाजवळच्या डब्यात राहिलं असेल तर खवटपणा साबणाच्या आधीच सुरू झालेला असतो. तळणीचं उरलेलं तर नकोच.