अनुभव धागा: परदेशात शिकताना वन्यजीव कॅम्पला निघायचंय, तर नाशिकमध्ये काय उरकावं?

मंडळी, आपली मुलं ब्रिटन, जर्मनी, कॅनडात प्राणिशास्त्र किंवा पर्यावरण शिकायला जातात आणि मध्येच कळतं की दोन आठवडे तंबूत राहायचंय. कुणाला केनियात, कुणाला कॅनडाच्या रॉकीज पर्वतात. विद्यापीठ सामानाची यादी देतं, पण काय कशासाठी ते त्यात नसतं. ज्यांनी अशी तयारी करून घेतली आहे त्यांनी लिहावं. प्रवासवर्णन नको. मूल सुट्टीत घरी येतं तेव्हा इथे काय करायचं आणि तिकडे काय घ्यायचं, तेवढंच हवं आहे.

कॉलेज रोडहून

सगळ्यात आधी पिवळ्या तापाची लस. लंडनहून केनियाला जाऊन पुन्हा लंडनला परतणाऱ्याला ब्रिटनमध्ये प्रमाणपत्र कुणी विचारत नाही, म्हणून मुलं ती टाळतात. पण केनिया किंवा युगांडातून थेट मुंबईला उतरलात तर आपलं सरकार ते मागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, तेव्हा मुंबई-पुण्याची वेळ आधीच घ्या. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

वटवाघळं किंवा कुत्र्याच्या जातीचे प्राणी हाताळायचे असतील तर रेबीजची आगाऊ लस: पहिला डोस, सातव्या दिवशी दुसरा. ही घेतलेली असली तरी चावल्यावर जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि आणखी दोन डोस घ्यायचेच. फायदा असा की इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही, जे आडरानात मिळणं कठीण.

मलेरियाच्या गोळ्यांत गोंधळ होतो तो परतल्यावर. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवस घ्यायची, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे. डॉक्सिसायक्लिनने काहींची कातडी उन्हात लवकर भाजते. दिवसभर उघड्या जीपमध्ये बसून नोंदी करायच्या असतील तर हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

निफाडहून

स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं छापलेली असतात, कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते) आणि लिमिट (कशीबशी रात्र निघेल ते). दुकानदार लिमिटचा आकडा दाखवतो, कारण तो जास्त गार असतो. तुम्ही कम्फर्टचा धरा आणि तिथल्या अपेक्षित तापमानापेक्षा पाच अंश खालची बॅग घ्या. 'आफ्रिका म्हणजे उकाडा' हा समज सोडा. टांझानियातल्या न्गोरोंगोरो या ज्वालामुखी विवराचा कडा सुमारे २३०० मीटरवर आहे, तिथली रात्र चांगलीच गारठते.

बॅग तपासायला आपल्या निफाडसारखी जागा नाही. जानेवारीत थंडीची लाट आली की मळ्यात एक रात्र झोपून बघा. तरीही पाठ गार पडली तर दोष बहुधा बॅगेचा नसतो. अंगाखालचं भरण दबतं, त्यातली हवा जाते आणि जमीन ऊब ओढते. त्यासाठी मॅट लागते. मॅटचा आर-आकडा (ती ऊब किती अडवते ते, जास्त तितकं चांगलं) केनियाला दोनच्या आसपास पुरतो, रॉकीजमध्ये सप्टेंबरला चार तरी हवा.

सातपूरहून

तंबू इगतपुरीच्या पावसात एकदा उभा करा. सकाळी आतून ओला दिसला की मुलं गळतोय म्हणतात. आधी हात फिरवून बघा. शिवणीवरच ओल असेल तर ती गळती, तिथे सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवणारं द्रावण) लावा. सगळ्या कापडावर सारखे थेंब असतील तर ते श्वासाचं पाणी, त्याला वरची खिडकी उघडी ठेवणं हाच उपाय.

बूट जुने असतील तर तळवा दुमडून बघा. पॉलियुरेथेनचा मधला थर कपाटात नुसता पडून राहिला तरी दमटपणाने कुजतो आणि चालताना अख्खा तळ निघून येतो. नवे असतील तर पाठीवर दहा किलो घेऊन आधी पांडवलेणी, मग अंजनेरी. आणि निघण्यापूर्वी ब्रशने घासून माती काढा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी बूट आणि तंबू दोन्ही विमानतळावर जाहीर करायचे. न्यूझीलंडमध्ये लपवल्यास जागेवर ४०० डॉलर दंड आहे.

इंदिरानगरहून

खाण्याचं लिहिते. तुपात भाजलेला रवा देऊ नका, ब्रिटन आणि युरोपीय संघात भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तेलावर फोडणी करून भाजा. माणशी ६० ग्रॅम रवा, २०० मिली उकळतं पाणी, दहा मिनिटं झाकण. तूरडाळ देऊ नका. २३०० मीटरवर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजत नाही आणि गॅस मात्र संपतो. मेतकूट, सातूचं पीठ, पिंपळगावकडचे बेदाणे आणि भाजलेले दाणे यांवर निभावतं. गॅसचा डबा विमानात चालत नाही. शेगडी रिकामी आणि वास न येणारी हवी, गॅस तिकडेच घ्यायचा.

पंचवटीहून

ताई, हे सगळं कापडी पिशव्यांत किंवा डब्यांत भरा. केनियाने प्लास्टिक पिशव्या २०१७ पासून बंद केल्या आहेत, टांझानियाने २०१९ पासून.

गंगापूर रोडहून

रॉकीजबद्दल. तिथली खरी तयारी वासाची. टूथपेस्ट, लिप बाम, सॅनिटरी पॅड, मसाल्याचा डबा, सगळं अस्वलाला न उघडता येणाऱ्या कडक डब्यात. पहिल्याच रात्री डबा बंद होत नाही, कारण मुलं फक्त जेवण मोजतात. घरीच भरून बघा. हिंग आणि लोणचं नेऊच नका, असं माझं स्पष्ट मत. स्वयंपाक तंबूपासून शंभर मीटर दूर, वारा तंबूकडून जिकडे वाहतो त्या बाजूला. ज्या कपड्यांत रांधलं त्यांत झोपायचं नाही.

अस्वलांचा फवारा तिकडेच विकत घ्या, तो विमानात नेता येत नाही. पट्ट्यावर अडकवा, पिशवीत नको. मुदत बघा आणि खटका काढायचा सराव करा. तंबूवर मारून ठेवला तर उलट होतं, वाळलेल्या मिरचीच्या वासाने अस्वल जवळ येतं. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत अस्वल, लांडग्यांपासून १०० मीटर आणि हरणांच्या जातींपासून ३० मीटर अंतर ठेवायला सांगतात. मुलं एल्कला (हे मोठं हरीण) गाय समजून जवळ जातात, हे विशेष बजावा.

देवळालीहून

आफ्रिकेतल्या तंबूसाठी चार गोष्टी. तंबूत फळ नको, संत्रं तर मुळीच नको, त्याच्या वासावर माकडं आणि हत्ती येतात. चेन दिवसाही बंद. बूट आत ठेवायचे आणि सकाळी झटकूनच घालायचे. रात्री बाहेर पडण्याआधी दारातून हेडटॉर्च सगळीकडे फिरवायचा, डोळे चमकले तर परत आत. कपडे मळकट हिरवे किंवा खाकी घ्या. निळ्या आणि काळ्या रंगावर त्से-त्से नावाच्या रक्त पिणाऱ्या माश्या येतात. त्या पातळ कापडातून सहज चावतात, म्हणून पातळ टी-शर्टचा उपयोग नाही.

पॉवर बँक हातातल्या सामानातच. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॉट-तास, विमानातल्या शंभर वॉट-तासांच्या मर्यादेत बसते. त्यावरचा छापील आकडा पुसला गेला असेल तर तपासणीत काढून घेतात, म्हणून खरेदी करतानाच बघून घ्या.